अणुबॉम्ब पसरू नये म्हणून: वाटाघाटी की विमानं?

यवतेश्वर (धागाकर्ता) · १२ ऑक्टोबर २०२५

मंडळी, जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्डो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हापासून सकाळी साताऱ्याच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत फिरायला येणाऱ्या आमच्या गटात वाद पेटलाय. निम्म्या लोकांचं म्हणणं, असंच करायला हवं होतं, सह्या करून कोणी अणुबॉम्ब सोडत नाही. मी विरुद्ध बाजूचा. चालता चालता मुद्दे अर्धवट राहतात म्हणून इथे लिहितो.

आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा सुरुवात शास्त्रापासून. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. वीज तयार करणाऱ्या अणुभट्टीला तो ३ ते ५ टक्के लागतो, बॉम्बला ९० च्या आसपास. ऐकणाऱ्याला वाटतं ५ पासून ९० हा फार लांबचा पल्ला. तसं नाही. ०.७ वरून ५ वर येतानाच बहुतेक मेहनत खर्ची पडलेली असते. ज्याने ६० टक्के गाठले त्याचं काम जवळजवळ संपलेलं असतं.

जूनमध्ये इराणकडे ६० टक्क्यांचं सुमारे ४४० किलो युरेनियम होतं. हा आकडा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा, म्हणजे व्हिएन्नातल्या आयएईएचा. तो जगाला कळला कारण तिचे निरीक्षक तिथे जाऊन मोजमाप करत होते. मग १४ बॉम्ब पडले, एकेक १३,६०० किलोचा. आज त्या ४४० किलोचं काय झालं हे एकाही निरीक्षकाला जाऊन पाहता आलेलं नाही. जुलैमध्ये इराणने संस्थेशी सहकार्य थांबवलं.

माझं म्हणणं एवढंच की माल किती आहे आणि कुठे आहे हे सतत कळत राहणं यापेक्षा मोठं संरक्षण नाही, आणि हल्ल्याने सगळ्यात आधी तेच जातं. सैन्यात राहून आलेल्यांनी जरूर लिहावं.

भडंग 

सर, पहिला नंबर माझा. अपशिंग्याचे सुभेदार साहेब आल्याशिवाय या धाग्याला रंग चढायचा नाही. वाचतोय.

सुभेदार_अपशिंगे

आलो, आलो. जय हिंद सर.

तुमचं शास्त्र मान्य, निष्कर्ष अमान्य. ७ जून १९८१ ला इस्रायलच्या आठ एफ-१६ विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी फोडली. भट्टी अजून सुरू व्हायची होती. सगळं जग ओरडलं, सुरक्षा परिषदेने निषेधाचा ठराव केला. नऊ वर्षांनी इराकचा हुकूमशहा सद्दाम कुवेतमध्ये घुसला तेव्हा त्याच्याकडे बॉम्ब नव्हता. असता तर त्याला बाहेर काढायला कोण गेलं असतं?

दुसरं, सीरिया. ६ सप्टेंबर २००७ च्या रात्री देर-अझ-झोर भागातली भट्टी उडवली. पुढे २०१४ मध्ये त्याच मुलखात आयसिस ही दहशतवादी संघटना पसरली. भट्टी उभी राहिली असती तर कोणाच्या हाती गेली असती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आता बोलणी. उत्तर कोरियाशी १९९४ मध्ये जिनिव्हात करार झाला. दरवर्षी ५ लाख टन जड इंधन तेल देऊ, दोन वीजभट्ट्या बांधून देऊ. २००३ मध्ये ते अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडले आणि ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली चाचणी. २०१७ पर्यंत सहा झाल्या. चर्चेने वेळ मिळतो हे खरं, पण तो चोराला मिळतो.

भडंग

आता कसं! चढला रंग.

अभ्यासिका_विश्रामबाग

सुभेदार काका, नमस्कार. मी सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करते, हा भाग सध्या वाचनात आहे, म्हणून धाडस करून लिहिते.

ओसिराकची तुम्ही सांगितलेली गोष्ट १९८१ ला थांबते. पुढे काय झालं ते फार महत्त्वाचं आहे. ओसिराक फ्रान्सने दिलेली होती, ती आयएईएच्या देखरेखीखाली येणार होती आणि फ्रेंच तंत्रज्ञ तिथे हजर असायचे. ती फुटल्यावर सद्दामने अणुकार्यक्रम सोडला नाही, तो लपवला आणि वाढवला. भट्टीची वाट सोडून युरेनियम समृद्ध करायची, म्हणजे त्यातलं युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवायची वाट धरली, त्यासाठी हजारो माणसं कामाला लावली. १९९१ च्या युद्धात अमेरिकेने आठवडेच्या आठवडे बॉम्बफेक केली तरी त्यातल्या बऱ्याच जागा शाबूत राहिल्या, कारण त्या आहेत हेच माहीत नव्हतं.

त्या शोधल्या निरीक्षकांनी. सप्टेंबर १९९१ मध्ये बगदादमध्ये कागदपत्रं हाती लागली तेव्हा इराकी सैनिकांनी निरीक्षकांना एका वाहनतळावर चार दिवस अडकवून ठेवलं होतं. कागद परत द्या, मग जा. त्यांनी दिले नाहीत. पुढच्या वर्षी अल-अथीर इथल्या, बॉम्बच्या कामासाठी बांधलेल्या इमारती निरीक्षकांच्या देखरेखीखाली सुरुंग लावून पाडल्या. विमानांना जे जमलं नाही ते कागद धरून बसलेल्या माणसांनी केलं.

सुभेदार_अपशिंगे

बाळ, अभ्यास छान आहे. पण ते निरीक्षक बगदादमध्ये शिरले कसे? युद्ध हरल्यावर सद्दामच्या गळ्यात तपासणी सक्तीची करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव ६८७ बांधला म्हणून. आधी तोफा, मग कागद. तुझंच उदाहरण माझ्या बाजूला येऊन बसलं.

अभ्यासिका_विश्रामबाग

अर्धं तुमच्या बाजूला, काका. ते युद्ध कुवेत सोडवायला झालं, अणुकार्यक्रमासाठी नाही. अणुकार्यक्रमाच्या नावाने झालेलं युद्ध २००३ चं. ७ मार्च २००३ ला आयएईएचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि नायजरकडून युरेनियम घेतल्याची म्हणून दाखवली गेलेली कागदपत्रं अस्सल नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. शोधाशोध झाली, काही निघालं नाही. निरीक्षकांचं बरोबर होतं.

पाटणकरीण

+१. तिथे किती माणसं हकनाक मेली त्याची आठवण या वादात कोणी काढत नाही. "बळाचा वापर" हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत.

कऱ्हाडचा_खडक

भूगर्भशास्त्राचा माणूस आहे, एक वेगळी बाजू मांडतो. सर म्हणतात तसं "कळत राहणं" हेच मुळाशी असेल, तर चाचणी झाली हे कळतं कसं?

आपल्या भागात हे समजावून सांगणं सोपं आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोयनेच्या खोऱ्यातली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. भूकंपात जमिनीखालचे खडक एकमेकांवरून सरकतात. स्फोटात एका बिंदूपासून सगळ्या बाजूंना दाब जातो. भूकंपमापकावर दोन्हींची नोंद वेगळी उमटते. स्फोटात पहिली, दाबाची लाट जोरकस असते आणि मागून येणाऱ्या लाटा त्या मानाने दुबळ्या. उत्तर कोरियाची २००६ ची चाचणी एक किलोटनाच्याही खालची होती, तरी ती जगभरच्या यंत्रांनी टिपली. आपल्याकडे बंगळूरजवळ गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची यंत्रमाला १९६५ पासून हेच काम करते. कऱ्हाडला खोल विवरांतून भूकंपाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिचा हेतू वेगळा पण शास्त्र तेच.

सांगायचा मुद्दा: चाचणी लपत नाही. लपतं ते त्याआधीचं सगळं. युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं फिरतात त्याने जमीन हलत नाही. तिथे आत जाणारा माणूसच हवा.

भडंग

खडक साहेब, कोयनेवर एक स्वतंत्र धागा काढाच. आमच्या आजोळी, पाटण तालुक्यात, त्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो.

पाटणकरीण

भडंग, आजोळ कुठलं? हेळवाकच्या बाजूचं का? (अवांतर, माफ करा.)

राजापुरी_हळद

मी हळदीच्या व्यापारातला. एवढं मोठं कळत नाही म्हणून गप्प होतो, पण एक सांगतो. मसाल्याचा माल परदेशी पाठवताना जंतू मारायला वाशीच्या केंद्रात गॅमा किरणांखालून काढता येतो. तिथे कोबाल्ट-६० वापरतात. ते कोबाल्ट आपल्याच अणुभट्ट्यांत, राजस्थानात, तयार होतं. लासलगावला कांदा आणि आंबा. २००७ ला अमेरिकेत आपला हापूस पुन्हा जायला लागला तो लासलगावच्या किरणांखालून जाऊन. मिरजेत कॅन्सरच्या पेशंटला कोबाल्टचा शेक देतात, तेही तेच.

म्हणजे अणू वाईट असं नाही. मग एखाद्या देशाला "तू भट्टीच बांधू नको" असं म्हणता येतं का? माझा प्रश्न साधा आहे, सर.

यवतेश्वर (धागाकर्ता)

साधा नाही, सगळ्यात अवघड प्रश्न तुम्हीच विचारलात. १९६८ चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार, जो ५ मार्च १९७० ला लागू झाला, त्याचा सौदाच हा आहे: बॉम्ब बनवू नका, तपासणी होऊ द्या, बदल्यात शांततेच्या कामासाठी अणुशक्ती तुमचा हक्क. आणि ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत ते निःशस्त्रीकरणाच्या दिशेने बोलणी करतील. आज १९१ देश त्यात आहेत. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भीती होती की सत्तरच्या दशकात १५ ते २५ देशांकडे बॉम्ब असतील. आज साठ वर्षांनंतर नऊ आहेत. स्वीडन, स्वित्झर्लंड, दक्षिण कोरिया, तैवान, ब्राझील, अर्जेंटिना यांनी कधी ना कधी हा विचार केला होता. यांच्यापैकी एकावरही त्यासाठी बॉम्ब टाकावा लागला नाही.

दक्षिण आफ्रिकेने तर सहा बॉम्ब तयार केले आणि स्वतः मोडले. २४ मार्च १९९३ ला अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत हे जाहीर केलं, निरीक्षकांनी जाऊन हिशेब तपासला. बातम्यांमध्ये हे येत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा फोटो नसतो.

वकील_मिरज

सर, करार गोड करून सांगताय. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच कायमचे सोवळ्यातले आणि बाकी जग ओवळं, असा हा करार आहे. भारताने सही केली नाही ते योग्यच केलं. निःशस्त्रीकरणाचं म्हणाल तर अजूनही जगात सुमारे १२,२०० अण्वस्त्रं आहेत.

यात आपल्या मातीतल्या माणसाचा संबंध आहे म्हणून लिहितो. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोरला पहिली चाचणी केली तेव्हा आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कऱ्हाडात वाढलेला माणूस. ६२ चा पराभव पचवून सैन्य पुन्हा उभं करायचं, त्यात शेजारी अणुबॉम्ब. त्या वेळी भारताने पहिल्यांदा काय केलं? बॉम्ब बनवला नाही. डिसेंबर १९६४ मध्ये शास्त्रीजींनी लंडनमध्ये पंतप्रधान विल्सन यांच्याकडे अणुछत्राची, म्हणजे अणुहल्ल्यापासून संरक्षणाच्या हमीची गोष्ट काढली. भरवसा वाटावा अशी हमी मिळाली नाही. १८ मे १९७४ ला पोखरण झालं. बोलणीने प्रसार थांबवायचा असेल तर समोरच्याच्या भीतीला उत्तर द्यावं लागतं, आणि आपल्या भीतीला कोणी उत्तर दिलं नाही.

सुभेदार_अपशिंगे

वकील साहेब, हा प्रतिसाद मनापासून पटला. यशवंतरावांचं नाव निघालं, बरं वाटलं.

यवतेश्वर (धागाकर्ता)

वकील साहेब, मलाही पटलं. फक्त पुढचं पान जोडतो. १९७४ च्या स्फोटातलं प्लुटोनियम, म्हणजे भट्टीत तयार होणारं बॉम्बचं दुसरं द्रव्य, ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं, आणि ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेली. आपल्या दृष्टीने तो अभिमानाचा क्षण होता, मलाही त्या दिवशी अभिमानच वाटला होता. कॅनडाच्या दृष्टीने तो विश्वासघात होता. त्यातून अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट जन्माला आला. त्याची झळ तारापूरला लागली, अमेरिकेने इंधन बंद केलं. तो दरवाजा सप्टेंबर २००८ मध्ये उघडला, तोही वाटाघाटींनीच.

माहुली_संगम

माझ्या डोक्यातून दोन देश जात नाहीत. लिबिया आणि युक्रेन. बोलणीवाल्यांनी यांचं उत्तर द्यावं.

लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये सगळं सोडलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये 'बीबीसी चायना' नावाचं जहाज इटलीकडे वळवून पकडलं होतं, त्यात पाकिस्तानच्या ए. क्यू. खानच्या जाळ्यातून आलेले सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग निघाले. यंत्रं विमानात भरून अमेरिकेला पाठवली. आठ वर्षांनी, २०११ मध्ये, नाटोची विमानं लिबियावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तिथला हुकूमशहा गद्दाफी रस्त्यावर मारला गेला. तो जुलमी होता, त्याच्यासाठी अश्रू नाहीत. पण उत्तर कोरियाने जाहीरपणे याच उदाहरणावर बोट ठेवलं.

युक्रेनकडे सोव्हिएत संघ फुटल्यावर सुमारे १,९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रं राहिली होती. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी लिहून दिलं की तुमच्या सीमांचा आदर राखू. १९९६ पर्यंत शेवटचं अस्त्र रशियात गेलं. २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला, २०२२ ला सगळ्या देशावर चाल केली. आता जगातल्या कुठल्या देशाने कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा?

भडंग

...

यावर विनोद सुचत नाही.

सुभेदार_अपशिंगे

संगम, हेच मी सांगत होतो.

अभ्यासिका_विश्रामबाग

पण काका, हे बोलणीचं अपयश आहे की दिलेला शब्द मोडल्याचं? लिबियावर विमानं गेली, युक्रेनवर रणगाडे गेले. दोन्हीकडे करार बळाने मोडला. इराणचंही तसंच. अमेरिका आणि इतर मोठ्या देशांशी झालेल्या १४ जुलै २०१५ च्या करारात ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, ३०० किलोपेक्षा जास्त साठा नाही, असं ठरलं. डिसेंबरमध्ये सुमारे ११ टन युरेनियम जहाजाने रशियाला गेलं. इराणमधल्याच अराक गावच्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. आयएईए दर तिमाहीला सांगत होती की इराण अटी पाळतोय. ८ मे २०१८ ला अमेरिका बाहेर पडली. एप्रिल २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर गेला. म्हणजे आज ज्या ४४० किलोंची चिंता आहे त्यातला एकही किलो करार चालू असताना तयार झालेला नाही.

वकील_मिरज

एक नंबर. हे वाक्य लक्षात ठेवा, मुलाखतीत कामाला येईल.

अजिंक्य_तारा

सगळे बाहेरची उदाहरणं देतायत. सातारा जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण प्रतापगड आहे. १६५९. महाराजांनी आधी वकील पाठवले, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आला, पंताजी गोपीनाथ गेले, बोलणी झाली, आणि मग काय झालं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बोलणी आणि बळ एकत्रच चालतं. एकाने भागत नाही.

पाटणकरीण

अजिंक्य, महाराजांचं नाव घेतलंत म्हणून जपून लिहिते. तिथे खान फौज घेऊन स्वराज्यात शिरला होता, देवळं फोडत आला होता. तो जिवाचा प्रसंग होता. त्यावरून रोजच्या राजकारणाचा नियम काढता येत नाही.

या वर्षी काय झालं पाहा. १५ जूनला मस्कतमध्ये अमेरिका आणि इराणची बोलण्यांची पुढची फेरी ठरली होती. १३ जूनला पहाटे इस्रायलने हल्ला केला. पुढच्या वेळी इराणचा माणूस टेबलावर बसताना काय विचार करेल? बोलणी म्हणजे गाफील ठेवायची युक्ती असं एकदा समोरच्याला वाटलं, की बसायलाच कोणी येत नाही. मग उरतात ती फक्त विमानं.

अजिंक्य_तारा

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी इराण ६० टक्के कशाला करत होता? त्याच्या वीजभट्टीला एवढं लागत नाही.

पाटणकरीण

नाही लागत. तो दबावासाठीच करत होता, आणि ते धोकादायकच होतं. इराणची राजवट मला अजिबात आवडत नाही, तिथल्या पोरींचे जे हाल झाले ते विसरलेले नाही. पण आवडत्या लोकांशी करार करावा लागत नाही.

आयर्विन_पूल

सांगलीकर म्हणून लिहितो. आमच्या गावाला २००५ आणि २०१९ चा महापूर माहीत आहे. त्या दिवसांत आमची सगळी भांडणं अलमट्टीवरून. तिकडे पाणी किती, दरवाजे किती उघडले, विसर्ग किती. कर्नाटकवर संताप होता, आजही उंची वाढवण्यावरून आहे. पण पुराच्या रात्री आम्हाला पाहिजे होता तो आकडा. तो वेळेवर आला तर माणसं हलवता येतात, जनावरं सोडता येतात. आता दोन्ही राज्यांचे पाटबंधारे खात्याचे लोक पावसाळ्यात एकमेकांना पातळी कळवतात. भांडण मिटलेलं नाही, आकडा येतो. सरांचं "कळत राहणं" मला असं समजलं.

यवतेश्वर (धागाकर्ता)

अगदी असंच. आणि यावरून एक गोष्ट जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तो जानेवारी १९९१ मध्ये लागू झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिल्या, २६/११ नंतर, पुलवामानंतरही दिल्या. एकही वर्ष चुकलेलं नाही. ऐंशीच्या दशकात पाकिस्तानचं कहुटा इथलं अणुकेंद्र उडवावं अशी चर्चा आपल्याकडेही वर्तमानपत्रांतून व्हायची. ते झालं असतं तर ट्रॉम्बे आणि तारापूर त्यांच्या निशाण्यावर आले असते. तारापूर ते मुंबई किती अंतर आहे ते महाराष्ट्रात सांगायला नको.

सुभेदार_अपशिंगे

सर, हा करार आम्हाला नोकरीत असताना माहीत होता. तो टिकला कारण दोघांकडेही मारायची ताकद होती. नुसत्या सद्भावनेवर टिकला नाही.

आणि उत्तर कोरियाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

कऱ्हाडचा_खडक

मी प्रयत्न करतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या क्लिंटन सरकारने योंगब्योनवर, म्हणजे उत्तर कोरियाच्या अणुकेंद्रावर हल्ल्याचा गंभीरपणे विचार केला होता. केला नाही, कारण दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर, उत्तरेच्या तोफांच्या माऱ्यात. जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयाँगला गेले आणि करार झाला. १९९४ ते २००२ योंगब्योनची भट्टी बंद होती, निरीक्षक तिथे राहत होते, सुमारे ८,००० इंधनकांड्या त्यांच्या डोळ्यांसमोर मोहोरबंद होत्या. त्या आठ वर्षांत तिथे प्लुटोनियम निघालं नाही. सोबत उत्तर कोरिया चोरून युरेनियमची वाट धरत होता, हेही खरं, आणि अमेरिकेने कबूल केलेल्या वीजभट्ट्या वर्षानुवर्षं रखडल्या, हेही खरं. डिसेंबर २००२ मध्ये करार मोडला, निरीक्षकांना हाकललं. चार वर्षांत स्फोट. करार होता तोवर एकही नाही, मोडल्यावर सहा. ज्याला हे चर्चेचं अपयश वाटतं त्याने या तारखा पुन्हा लावून बघाव्यात.

सुभेदार_अपशिंगे

तारखा लावल्या, खडक साहेब. चोरून युरेनियम हे तुम्हीच लिहिलंय. मला तेवढं पुरेसं आहे.

राजापुरी_हळद

आवो, जे बॉम्ब आधीच आहेत त्यांचं काय, ते कधी कमी झालेत का? का नुसते वाढतच चाललेत?

अभ्यासिका_विश्रामबाग

झालेत, काका. १९८६ मध्ये जगात सुमारे ७० हजार होते. आणि एक गोष्ट तर मला वाचताना फार आवडली. १९९३ मध्ये अमेरिका आणि रशियाने ठरवलं की रशियाच्या मोडलेल्या बॉम्बमधलं ५०० टन युरेनियम पातळ करायचं, म्हणजे त्यात साधं युरेनियम मिसळून टक्के खाली आणायचे, आणि अमेरिकेच्या वीजभट्ट्यांत जाळायचं. हे २०१३ पर्यंत वीस वर्षं चाललं. सुमारे २० हजार बॉम्बचा माल. त्या काळात अमेरिकेतली जवळपास दहावा हिस्सा वीज या युरेनियमवर तयार होत होती. ज्या शहरांवर ते बॉम्ब रोखलेले होते तिथले दिवे त्यांच्यावर लागले. कुठल्याही हल्ल्याने एवढे बॉम्ब कधी नष्ट झालेले नाहीत.

राजापुरी_हळद

हे माहीतच नव्हतं. लय भारी वाटलं वाचून. घरी वाचून दाखवलं.

भडंग

जैतापूरवर पण बोला की कोणीतरी.

वकील_मिरज

भडंग, जैतापूर काढलंत तर शंभर प्रतिसाद होतील आणि इराण बाजूला राहील. नंतर.

यवतेश्वर (धागाकर्ता)

मूळ प्रश्नावर येतो. सुभेदार साहेब, तुमची एक गोष्ट मी धरून चालतो, पाठीशी काहीच नसेल तर टेबलावर कोणी बसत नाही. इराण २०१५ ला बसला तो निर्बंधांनी बेजार झाला होता म्हणूनही. पण निर्बंध करारात उठवता येतात. पडलेला बॉम्ब परत घेता येत नाही, म्हणून त्याच्या बदल्यात काही मागताही येत नाही.

आता आजचं पाहू. सप्टेंबरच्या अखेरीस राष्ट्रसंघाचे जुने निर्बंध इराणवर पुन्हा लागू झाले. विमानं जाऊन आली, निर्बंध परत आले, आणि निरीक्षक फोर्डोच्या आत नाहीत. तुम्ही असता तर पुढचं पाऊल काय टाकलं असतं?

सुभेदार_अपशिंगे

पुन्हा मारा करायची तयारी ठेवली असती आणि तसं स्पष्ट सांगितलं असतं. आत येऊ द्या, नाहीतर पुन्हा येऊ.

राजापुरी_हळद

ते ४४० किलो किती जागेत मावतं ओ, सर?

यवतेश्वर (धागाकर्ता)

ते वायूरूपात वापरतात आणि सिलिंडरमध्ये साठवतात. पाणबुड्याच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर असतो साधारण तेवढे. काही मोटारींच्या डिक्कीत सगळं बसेल. आयएईएच्या हिशेबाने ६० टक्क्यांचं सुमारे ४२ किलो आणखी समृद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होतं. म्हणजे दहाएक बॉम्बचा माल. सुभेदार साहेब, पुन्हा यायचं तर कुठे यायचं? ज्याच्या पोटात फोर्डोचं केंद्र आहे तो डोंगर जागेवर आहे, सिलिंडर कुठे आहेत?

सुभेदार_अपशिंगे

ते हेरखात्याने शोधायचं.

पाटणकरीण

२००३ ला इराकमध्येही हेरखात्यानेच सांगितलं होतं.

सुभेदार_अपशिंगे

बरं. समजा बोलणी करायची. २०१५ चा करार व्हायला किती वेळ लागला? तो वेळ इराणला फुकट द्यायचा?

अभ्यासिका_विश्रामबाग

नोव्हेंबर २०१३ ते जुलै २०१५, वीस महिने, काका.

सुभेदार_अपशिंगे

वीस महिने! त्या वीस महिन्यांत त्याने काय नाही केलं असतं?

अभ्यासिका_विश्रामबाग

तो वेळ फुकट दिला नव्हता. २४ नोव्हेंबर २०१३ ला आधी अंतरिम करार झाला. त्यात इराणने २० टक्क्यांचं उत्पादन थांबवलं, असलेल्या साठ्यातला अर्धा पातळ केला, उरलेला ऑक्साइड करून टाकला. नतांझ आणि फोर्डोमध्ये निरीक्षकांना रोज आत जाता येत होतं. रोज, काका. अंतिम करारावर भांडणं चालू होती तेव्हासुद्धा.

सुभेदार_अपशिंगे

रोज आत जात होते, हे मला माहीत नव्हतं. त्या अंतरिम कराराचा मसुदा कुठे वाचायला मिळेल? मराठीत असेल तर उत्तम, नाहीतर नातवाकडून वाचून घेतो. माझं मत तेच आहे, पण वाचतो.

वकील_मिरज

चार पानांचाच आहे, साहेब. मी मराठी करून इथेच टाकतो, रविवारपर्यंत.